नियोजित लाइट रेल स्थानकाजवळच्या पालिकेच्या जमिनीचा पुनर्विकास कसा आखावा

शहराच्या मालकीच्या जमिनीशेजारून लाइट रेलचा, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या शहरी रेल्वेचा, मार्ग जाणार आणि जवळच स्थानक होणार असे जाहीर झाले, की वर्षानुवर्षे कोणी न फिरकलेल्या त्या भूखंडाला एकाएकी महत्त्व येते. काल जिथे बंद पडलेले बस आगार, मोडकळीला आलेले गोदाम किंवा नुसते डांबरी वाहनतळ होते, तिथे आज बांधकाम व्यावसायिकांच्या चकरा सुरू होतात आणि पालिकेच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो ‘रक्कम किती मिळेल?’ हा. प्रश्न गैर नाही, पण त्याची वेळ बरीच पुढची आहे. जमिनीची मालक म्हणून पालिकेकडे दोन गोष्टी असतात: थांबण्याची मुभा आणि अटी घालण्याचा अधिकार. खरेदीखतावर सही झाली, की दोन्ही संपतात. त्यामुळे आखणीतले जवळजवळ सगळे महत्त्वाचे निर्णय त्या सहीच्या आधी घ्यावे लागतात, आणि ते कोणत्या क्रमाने घ्यावेत हे पुढे मांडले आहे.

जमिनीची चौकशी

‘जमीन आपलीच आहे’ हे वाक्य पालिकेच्या कार्यालयात जितक्या सहज उच्चारले जाते, तितके ते कागदोपत्री सरळ नसते. जमीन कोणी विशिष्ट कारणासाठी दान दिलेली असू शकते, वरिष्ठ शासनाच्या अनुदानातून घेतलेली असल्यास विक्रीच्या रकमेवर किंवा वापराच्या बदलावर अनुदान देणाऱ्याची अट असू शकते, एखाद्या कोपऱ्यातून शेजाऱ्यांचा जुना वहिवाटीचा रस्ता जात असतो आणि मधोमध एखादी मोठी जलवाहिनी पुरलेली असते, जिच्यावर काहीही बांधता येत नाही. म्हणून वास्तुविशारदाला बोलावण्यापूर्वी वकील आणि भूमापक यांना बोलवावे. मालकीचा इतिहास, सुविधाधिकार (इतरांचे त्या जमिनीवरचे वाट, पाणी अशा वापराचे हक्क), चालू भाडेकरार, भूमिगत वाहिन्या आणि आजच्या विकास नियंत्रण नियमांनुसार मिळणारा चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) या सगळ्यांची नोंद असलेला एकच नकाशा तयार करून घ्यावा. हे रंगहीन काम आहे आणि त्याचे उद्घाटन कोणी करत नाही, परंतु प्रकल्प मध्येच अडकण्याची कारणे बहुतेकदा याच नकाशात आधीपासून दिसत असतात.

त्यानंतर जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहावे. आगारांच्या जागी इंधनाच्या टाक्यांची गळती, जुन्या कारखान्यांच्या जागी जड धातू, भराव टाकलेल्या जागी कचऱ्यातून निघणारा मिथेन वायू, अशा गोष्टी नेहमीच्या आहेत. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराने रीझेलफेल्ड ही वसाहत पालिकेच्या ज्या जमिनीवर उभारली, तिथे पूर्वी शहराचे सांडपाणी जिरवले जात असे. त्या सुमारे 320 हेक्टरपैकी केवळ 70 हेक्टरवर बांधकाम करण्याचे ठरले आणि उरलेला विस्तीर्ण भाग निसर्ग संरक्षणासाठी राखला गेला. आपली जमीन दूषित निघाली म्हणजे प्रकल्प संपला असे नाही, मात्र ती किती आणि कुठे दूषित आहे हे निविदेच्या आधी कळायला हवे. मातीची व भूजलाची तपासणी पालिकेने स्वतःच्या खर्चाने करून तिचा अहवाल सर्व इच्छुकांना सारखाच द्यावा. तसे न केल्यास प्रत्येक विकासक अज्ञात धोक्यापोटी आपल्या प्रस्तावात रक्कम कापून ठेवतो, आणि ती कपात तपासणीच्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा मोठी असते.

मार्ग बांधणाऱ्यांशी बोलणी

पुढची पायरी म्हणजे लाइट रेल बांधणाऱ्या यंत्रणेच्या अभियंत्यांना भेटणे, आणि तेही मार्गाचे संकल्पचित्र अजून पेन्सिलीत असताना. स्थानकाचा फलाट दहा मीटर इकडे सरकला किंवा पादचारी ओलांडणी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, तर तुमच्या भूखंडाचा पुढचा दरवाजा कुठला आणि मागचा कुठला हेच बदलते. हा बदल आराखड्याच्या अवस्थेत एका बैठकीत होतो आणि काँक्रीट पडल्यावर जवळजवळ होत नाही.

या बैठकीत यंत्रणेला जमिनीतून काय काय हवे आहे, ते लेखी मागावे. मार्गाला वीज पुरवणारी उपकेंद्रे ठरावीक अंतरांवर लागतात, सिग्नल यंत्रणेची खोली लागते, चालकांसाठी विश्रांतीची जागा लागते, बसगाड्यांना वळण्यासाठी मोकळी जागा लागते, आणि या सगळ्यांसाठी शोध सुरू झाला की नजर हमखास शेजारच्या सरकारी जमिनीवर पडते. मागितलेले देऊ नये असे नाही, पण कोपऱ्यातली जागा द्यावी, दर्शनी देऊ नये. आणखी एक तांत्रिक बाब बांधकाम अभियंत्यांच्या ध्यानात आणून द्यावी लागते. बहुतेक लाइट रेल साधारण 750 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात आणि हा प्रवाह रुळांवाटे परत जातो. त्यातला काही भाग रुळांतून जमिनीत झिरपला, तर जवळच्या धातूच्या नळांना व इमारतींच्या पायातील सळ्यांना गंज लागू शकतो. रुळांलगतच्या इमारतींचा पाया आणि जलवाहिन्या आखताना याची काळजी सुरुवातीलाच घ्यायची असते.

बांधकामाच्या काळात यंत्रसामग्री ठेवण्यासाठीही हीच जमीन मागितली जाईल. ती देताना परत मिळण्याची तारीख, परत मिळताना तिची स्थिती कशी असावी आणि उशीर झाल्यास भाडे किती, हे तिन्ही करारात लिहावे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात कॅपिटॉल हिल स्थानकाच्या बांधकामासाठी घेतलेल्या जमिनीवर पुढे काय उभे राहावे याचा विकास करार 2013 मध्ये, म्हणजे स्थानक अजून बांधले जात असतानाच झाला. स्थानक 2016 मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या डोक्यावरच्या व आजूबाजूच्या इमारती 2021 पर्यंत खुल्या झाल्या. इतकी पूर्वतयारी असूनही मधे पाच वर्षे गेली, यावरून तयारी न करणाऱ्यांनी आपला अंदाज बांधावा.

स्थानक उशिरा येईल असे धरून चालावे

या आखणीतला सर्वांत नाजूक शब्द ‘नियोजित’ हा आहे. आराखड्याच्या चित्रात गाडी फलाटावर उभी असते आणि झाडे पूर्ण वाढलेली असतात. प्रत्यक्षात दोन्हींना वेळ लागतो. स्कॉटलंडमधील एडिनबरोची ट्राम 2011 च्या सुमारास धावणार होती, ती 31 मे 2014 रोजी धावली. जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्याचे काम लांबणे हे त्या उशिराच्या मोठ्या कारणांपैकी एक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खर्च वाढल्यामुळे मार्गच आखूड केला गेला, आणि मूळ योजनेत असलेला न्यूहेवनपर्यंतचा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला. म्हणजे एकाच प्रकल्पातल्या काही स्थानकांना तीन वर्षांचा उशीर झाला आणि काहींना बारा वर्षांचा. आपले स्थानक मार्गाच्या शेवटच्या टोकाला असेल किंवा दुसऱ्या टप्प्यात असेल, तर छाटणीची वेळ आल्यावर पहिली कुऱ्हाड तिथेच पडते, हे धरून चालणे शहाणपणाचे.

म्हणून आराखडा तीन वेळा तपासावा: स्थानक वेळेवर आले तर, पाच वर्षे उशिरा आले तर आणि आलेच नाही तर. तिसऱ्या तपासणीत योजना पूर्ण यशस्वी व्हावी अशी अपेक्षा नाही, परंतु तिथे राहायला आलेली माणसे अडकून पडू नयेत एवढी तरी खबरदारी असावी. ‘स्थानक नसताना इथला रहिवासी सकाळी कामावर कसा जाईल?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर योजनेत सापडले पाहिजे, आणि ते बहुधा नियमित बससेवा हेच असते.

फ्रायबुर्गमधलीच फाउबान ही वसाहत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 1992 मध्ये फ्रेंच सैन्य तिथली छावणी सोडून गेले, शहराने ती जमीन विकत घेतली आणि सुमारे 40 हेक्टरवर नवी वसाहत आखली. लोक 1990 च्या दशकाच्या अखेरीस राहायला आले, ट्राम मात्र 2006 मध्ये पोहोचली. मधल्या काळात बस होती, आणि ट्रामसाठीचा पट्टा मुख्य रस्त्यालगत पहिल्या दिवसापासून मोकळा ठेवलेला होता. रुळ आले तेव्हा एकही भिंत पाडावी लागू नये, हे त्या मोकळ्या पट्ट्याने साधले. याउलट रीझेलफेल्डमध्ये पहिले रहिवासी 1996 मध्ये आले आणि 1997 मध्ये ट्राम सुरू झाली. दोन्ही वसाहती उत्तम चालल्या, तरी निवड करता येत असेल तर माझे मत दुसऱ्या क्रमाच्या बाजूने आहे, कारण नवीन घरात आलेले कुटुंब दुसरी मोटार घ्यायची की नाही हे पहिल्या वर्षभरात ठरवून टाकते आणि एकदा घेतलेली मोटार ट्राम आल्यावर विकत नाही.

टप्पे पाडतानाही याच अनिश्चिततेचा उपयोग करून घ्यावा. ज्या बाजूला आज रस्ता, बस आणि जलवाहिनी आहे, तिथून बांधकामाला सुरुवात करावी आणि फलाटाला लागून असलेली सर्वांत मोलाची पट्टी शेवटी विकायला काढावी. गाड्या धावू लागल्यावर तिची किंमत वाढलेली असते आणि ती वाढ पालिकेच्याच पदरात पडते. तोपर्यंत ती जागा ओसाड ठेवण्याचे कारण नाही. आठवडी बाजार, खेळाचे मैदान, रोपवाटिका, कलाकारांच्या तात्पुरत्या कार्यशाळा यांना ती वापरू द्यावी. परवानगीपत्रात मुदत आणि रिकामी करून देण्याची अट मात्र ठळक लिहावी, कारण तात्पुरत्या वापराची लोकांना सवय होते आणि मग तो हलवणे हा वेगळाच संघर्ष होऊन बसतो.

कॅनडातील एडमंटन शहराने 2013 मध्ये आपला शहरातला जुना विमानतळ बंद करून त्या सुमारे 217 हेक्टर जमिनीवर ब्लॅचफोर्ड ही वसाहत हाती घेतली. तिथे पालिका स्वतःच विकासकाच्या भूमिकेत आहे, भूखंड टप्प्याटप्प्याने विकते आणि जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारी सामायिक ऊर्जा यंत्रणाही चालवते. पहिले रहिवासी 2020 मध्ये आले आणि लाइट रेलचा फाटा जानेवारी 2024 मध्ये. सुरुवातीच्या अपेक्षेपेक्षा वसाहत सावकाश वाढते आहे आणि त्यावर शहरात टीकाही होते. पालिकेने स्वतः विकासक व्हायचे ठरवले, तर तोट्याची वर्षेही तिच्याच नावावर पडतात, एवढे या उदाहरणातून लक्षात घ्यावे.

चालण्याचे अंतर

स्थानकापासून 400 मीटर म्हणजे साधारण पाच मिनिटे आणि 800 मीटर म्हणजे दहा मिनिटे, असे मानण्याचा प्रघात आहे. 800 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे 200 हेक्टर क्षेत्र येते, पण मधे नाला, महामार्ग किंवा उंच कुंपण असेल तर प्रत्यक्ष चालत पोहोचता येणारे क्षेत्र त्याच्या निम्मेही राहत नाही. म्हणून नकाशावर वर्तुळ काढून थांबू नये. प्रस्तावित फलाटाच्या जागेपासून घड्याळ लावून वेगवेगळ्या दिशांना स्वतः चालावे, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर, शक्य झाल्यास चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन. सिग्नलपाशी थांबण्याची मिनिटेही मोजावीत. आपल्या जमिनीतून एखादी आडवी पायवाट काढल्याने मागच्या वस्तीचे अंतर घटत असेल, तर ती पायवाट हा त्या भूखंडाचा सर्वांत मोठा सार्वजनिक उपयोग ठरू शकतो, आणि ती भूखंड विकण्याआधी कायम सार्वजनिक हक्क म्हणून नोंदवून ठेवावी लागते.

काय बांधावे आणि कोणासाठी

स्थानकाजवळ दाटीने बांधावे हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. जो मजला वाढेल तो स्थानकाकडे वाढावा आणि जुन्या बैठ्या घरांच्या बाजूला उंची उतरत जावी, एवढी साधी शिस्त पाळल्यास शेजाऱ्यांचा अर्धा विरोध मावळतो. तळमजल्यावर सगळीकडे दुकानेच हवीत हा आग्रह मात्र टाळावा. लाइट रेलच्या एका स्थानकावर चढउतार करणाऱ्यांची संख्या मोठ्या मेट्रो स्थानकाइतकी नसते, आणि कागदावर गजबजलेले ते तळमजले पुढे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात. दुकाने स्थानकाच्या तोंडाशी एकवटावीत आणि उरलेल्या रस्त्यावर घरांचे दरवाजे, पाळणाघर, वाचनालय, दवाखाना असे काही असू द्यावे.

मोटारींसाठी सक्तीने किती जागा ठेवायची, हा प्रश्न इथे पैशाचाही आहे. तळघरातले वाहनतळ हे इमारतीतले सर्वांत महाग बांधकाम असते, कारण त्यासाठी खोदाई, आधारभिंती आणि पाणी उपसणे हे सगळे येते. एडमंटनने 2020 मध्ये पार्किंगची किमान सक्ती संपूर्ण शहरातून काढून टाकली. फाउबानमध्ये बहुतेक मोटारी वसाहतीच्या कडेच्या सामायिक इमारतींत उभ्या राहतात आणि तिथल्या जागेचे पैसे ज्याला मोटार हवी त्यानेच मोजायचे असतात. आपल्या शहराने सक्ती काढली नसेल, तर निदान या भूखंडापुरती ती शिथिल करून घ्यावी.

घरे कोणाला परवडावीत हे ठरवणे सर्वांत राजकीय, आणि म्हणून आकड्यांत लिहिण्याजोगे. ‘पुरेशी परवडणारी घरे’ या शब्दांना करारात काहीच वजन नसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2015 मध्ये कायदा करून तिथल्या रेल यंत्रणेच्या घरबांधणीयोग्य अतिरिक्त जमिनींपैकी किमान 80 टक्के जमीन अशा संस्थांना आधी देऊ करावी असे ठरवले, ज्या किमान 80 टक्के घरे परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याहून कमी कमावतात त्या उत्पन्नाच्या) 80 टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांना परवडतील अशी ठेवतील. हेच आकडे सगळीकडे लागू पडतील असे नाही, पण किती घरे, कोणत्या उत्पन्नगटासाठी आणि किती वर्षे, या तीन रिकाम्या जागा भरल्याशिवाय निविदा काढू नये. जागेवर आज कोणी भाडेकरू, छोटे कारागीर किंवा फेरीवाले असतील, तर त्यांची यादी मार्ग जाहीर झाल्यावर लगेच करावी. उशीर केल्यास यादी वाढते आणि खरे कोण हे ओळखणे कठीण होते.

हिशेब

विकासक जमिनीची किंमत उलट्या क्रमाने काढतो. तयार इमारतीतून मिळणारे उत्पन्न 100 धरले, बांधकामाला 70, व्याज, कर, शुल्क व विक्रीखर्च यांना 12 आणि नफ्याला 12 गेले, तर जमिनीसाठी 6 उरतात. आता बांधकामाचा खर्च केवळ दहा टक्क्यांनी वाढला, तर तो 77 होतो आणि जमिनीसाठी उणे 1 राहतो. म्हणजे इतर आकड्यांतल्या लहानशा बदलाने जमिनीची सगळी किंमत नाहीशी होऊ शकते. पालिकेने हा तक्ता स्वतंत्र मूल्यनिर्धारकाकडून करून घ्यावा आणि त्यात प्रत्येक अट घालून पाहावी: वाहनतळाचा एक मजला कमी केला तर काय होते, परवडणारी घरे वाढवली तर काय होते, बाग पालिकेने स्वतः बांधली तर काय होते. अटींची यादी जितकी लांब, तितकी किंमत कमी, हे लोकप्रतिनिधींना आधीच तक्त्यावर दाखवलेले बरे. सर्वाधिक किंमत आणि सर्वाधिक सार्वजनिक लाभ या दोन्हींचे वचन देणारा प्रस्ताव आला, तर त्याची बेरीज दोनदा तपासावी.

विक्री, भाडेपट्टा आणि करार

जमीन विकावी की दीर्घ मुदतीने द्यावी, यावर एकच उत्तर नाही. ऑस्ट्रेलियाची राजधानी असलेल्या कॅनबेरा शहरात जमीन बहुतेक 99 वर्षांच्या पट्ट्यानेच दिली जाते आणि तिथे त्याच चौकटीत शहर उभे राहिले आहे. कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या फॉल्स क्रीक साउथ या भागात पालिकेने 1970 च्या दशकापासून दिलेले पट्टे साधारण 60 वर्षांचे होते, आणि त्यातले बहुतेक 2036 ते 2046 या काळात संपत असल्यामुळे पुढे काय हा प्रश्न रहिवाशांपुढे कित्येक वर्षे आधीच उभा राहिला. पट्टा द्यायचाच असेल, तर नूतनीकरणाचे सूत्र पहिल्याच दिवशी लिहावे. मुदत कमी होत जाते तशी बँका कर्ज देण्यास का कू करू लागतात, हेही ध्यानात असावे.

मोठा भूखंड एकाच विकासकाला देण्याचा मोह पालिकेला होतो, कारण एकच करार सांभाळायचा असतो. परंतु तो एक विकासक अडचणीत आला, की सगळी जमीन त्याच्याबरोबर अडकते. फ्रायबुर्गने दोन्ही वसाहतींत लहान लहान भूखंड पाडून ते वेगवेगळ्या बांधकाम संस्थांना व एकत्र येऊन घर बांधणाऱ्या कुटुंबांच्या गटांना दिले. रस्ते आणि वाहिन्या पालिकेने आधी घातल्या असतील, तर हे शक्य होते.

निवडीची पद्धत ठरवताना जमिनीची किंमत आधी जाहीर करून स्पर्धा गुणवत्तेवर घेण्याचा पर्याय आवर्जून विचारात घ्यावा. गुणांकनाचा तक्ता निविदेसोबतच प्रसिद्ध करावा आणि नंतर त्याला हात लावू नये. करारात पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत: बांधकाम सुरू व पूर्ण करण्याच्या तारखा, त्या चुकल्यास जमीन परत घेण्याचा हक्क, बांधकामाआधी जमीन तिसऱ्याला विकण्यास मनाई आणि ठरावीक मर्यादेपलीकडील नफ्यात पालिकेचा वाटा. स्थानकावर अवलंबून असलेल्या तारखा दिनदर्शिकेला न बांधता गाड्या प्रत्यक्ष धावू लागण्याच्या दिवसाला बांधाव्यात. नाहीतर मार्ग लांबल्याचे निमित्त करून विकासक सगळ्याच अटी पुन्हा चर्चेला आणतो, आणि तेव्हा त्याच्याविरुद्ध फारसे काही म्हणता येत नाही.

हा करार दहा-पंधरा वर्षे चालतो आणि तेवढ्यात ज्यांनी तो लिहिला ते अधिकारी निवृत्त झालेले असतात, पदाधिकारी बदललेले असतात. करारातल्या प्रत्येक तारखेची आणि प्रत्येक अटीची एक नोंदवही करून ती विशिष्ट पदाकडे सोपवावी, व्यक्तीकडे नव्हे, आणि वर्षातून एकदा ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे बंधन सुरुवातीच्या ठरावातच घालून घ्यावे.